तिसरी गादी

घरापासून लॉजपर्यंत आठ किलोमीटर. एवढ्या अंतरासाठी कुणी खोली घेत नाही, हे मलाही कळतं. मखमलाबादला आमचं चार खोल्यांचं स्वतःचं घर आहे, मागे गुलाबाचं शेडनेट आहे. तरी त्या मंगळवारी सकाळी मी आणि माझा नवरा योगेश सीबीएस बसस्टँडजवळ मोटारसायकलच्या आडोशाला उभे राहून मोबाईलवर नाशिकमधली सगळ्यात स्वस्त खोली शोधत होतो. तोंडावर मी त्याला अहो म्हणते, मनात योगेश. इथे मनातलंच लिहिते.

आम्हाला बोलायचं होतं, एवढंच कारण. संध्याकाळी पाचच्या आत एक गोष्ट ठरवायची होती आणि ती घरात ठरवता येत नव्हती.

माझी जाऊ पूजा दहा दिवसांपूर्वी बाळंत झाली. तिचं माहेर लांब, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी बाळाला अंघोळ घालताना डाव्या कानामागे तीळ पाहिला आणि तिथेच रडायला लागल्या. "आली बघा माझी हर्षाली. परत आली."

हर्षाली माझी मुलगी. चौदा महिन्यांपूर्वी चार दिवसांच्या तापात गेली. नऊ वर्षांची होती. तिच्याही डाव्या कानामागे तीळ होता.

मग घरात ठरूनच गेलं. गेलेलं माणूस त्याच घरात परत येतं आणि आलं की त्याला त्याचं नाव परत द्यायचं, हे आमच्याकडे आजे-पणजांपासून चालत आलंय. गुरुवारी बारसं. पंचवटीतल्या सजावटवाल्याला थर्माकोलमध्ये नाव कापायचं होतं, ते त्याला मंगळवारी पाचपर्यंत कळवायचं होतं. आणि ते काम सासूबाईंनी आमच्याच गळ्यात घातलं. "तुम्ही दोघं जा, तुमच्या तोंडानं नाव सांगा. तुमची हो असली म्हणजे झालं."

सासूबाई वाईट नाहीत. हर्षालीला त्यांनीच खेळवलं, तिच्या वेण्या त्याच घालायच्या. पण बाळंतिणीच्या घरात डोळ्यांतून पाणी काढायचं नाही हा नियमही त्यांचाच. त्या दिवशी त्या स्वतः रडल्या, ते आनंदाचं म्हणून चाललं. मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडले तर लगेच हाक आली, "उज्वला, घरात लेकरू हाय. अवदसा आणू नको."

तर बोलणार कुठे? घरात सासूबाई, दीर, जाऊ, बाळ आणि रोज येणारे-जाणारे. शेडनेटमध्ये फुलं तोडायला बायका. फूलबाजारात तर अख्खं गाव ओळखतं. मोटारसायकलवर बोलता येतं, पण एकमेकांचं तोंड दिसत नाही, आणि हे बोलणं तोंड बघून करायचं होतं. हर्षाली गेल्यापासून योगेश पडवीत झोपतो, मी सासूबाईंच्या खोलीत. चौदा महिन्यांत तिच्याबद्दल त्याने माझ्याशी एक वाक्य बोललेलं नाही. विषय निघाला की उठतो, विहिरीवरची मोटर चालू करायला जातो. आमच्या शेतातली विहीर आटली ती त्यामुळेच की काय, असं मी एकदा रागात म्हणालेही होते. नाव ठेवायचं का, असं सासूबाईंनी विचारल्यावर तो "बघू" म्हणाला. त्या "बघू"चा अर्थ मला हवा होता.

खोलीची कल्पना माझी. बारशाची खरेदी करून येतो असं सांगून आम्ही नऊलाच निघालो आणि झबली, टोपरी, पाळण्याची झालर असं सगळं साडेदहापर्यंत घेऊनही टाकलं. मोबाईलमध्ये सगळ्या खोल्या लांबलचक दिसत होत्या. फोटोवाला बहुधा दाराबाहेर उभं राहूनच फोटो काढतो. मी म्हटलं, "खोली केवढी का असेना, दाराला कडी असली म्हणजे झालं."

पहिल्या लॉजवर आधारकार्ड बघून काउंटरवरचा माणूस म्हणाला, "लोकल आयडी चालत नाही."

"का?"

"मॅडम, नाशिकच्या माणसाला नाशिकमध्ये खोली कशाला लागते?"

दुसऱ्या ठिकाणच्या माणसाने कार्ड मागितलंच नाही. त्याने आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मग योगेशला विचारलं, "तासावर पाहिजे का?" माझं डोकंच फिरलं. बारा वर्षं झाली लग्नाला, गळ्यात एवढं ठसठशीत मंगळसूत्र, हातात झबल्यांची पिशवी, आणि हा विचारतो तासावर. मी त्याला दोन शब्द ऐकवले. योगेश हात धरून मला बाहेर घेऊन आला. "जाऊ दे, घरी जाऊ," म्हणाला.

"घरी गेलो तर नाव ठरलंच समजा," मी म्हटलं. त्याने पंचवटीकडे गाडी वळवली.

रामकुंडापासून आत एका बोळात तीन मजल्यांचं जुनं लॉज होतं. काउंटरवर पुंजाराम नावाचे म्हातारे गृहस्थ होते. इथे उतरणारी बहुतेक माणसं घाटावर विधीला आलेली असतात, त्यामुळे आमच्या चेहऱ्यांकडे बघून त्यांनी सवयीने विचारलं, "दहाव्याला आलात, का अस्थी घेऊन?"

"बारसं हाय," योगेश म्हणाला. "परवा."

पुंजाराम आमच्याकडे बघत राहिले. मग पिशवीतून बाहेर आलेल्या झालरीकडे पाहिलं. आधारकार्डं उलटसुलट केली. आडनाव एक, पत्ता एक, तोही गावातलाच. "लोकल माणसाला मी देत नाय," ते म्हणाले आणि थोडं थांबून वही पुढे सरकवली. "लिहा. सगळ्यात लहान खोली हाय, आधीच सांगतो. नंतर कुरकुर करायची नाय."

योगेशने लिहिलं. नाव, पत्ता, येण्याचं कारण. मी शेजारीच उभी होते. 'एकूण व्यक्ती' या रकान्यात त्याने तीन लिहिलं.

मला वाटलं, त्याच्या लक्षात येईल. पण त्याने पेन खाली ठेवला.

"तिसरं कोण?" पुंजारामांनी विचारलं.

योगेशने वहीकडे पाहिलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बारा वर्षांत मी त्याला एवढं उघडं पडलेलं पाहिलं नव्हतं. खोडून दोन करायला एक क्षण पुरला असता. "येईल मागून," तो म्हणाला.

"मग जादा गादी लागंल. तिचे शंभर वेगळे. माणूस आलं की नाव लिहून घेऊ, रकाना रिकामा चालत नाय."

योगेशने शंभर रुपये दिले. मी त्याच्या मागून जिना चढले. इतके दिवस मला वाटत होतं की हा विसरला.

खोली खरंच लहान होती. दार उघडलं की पलंगाला लागायचं, त्यामुळे अंग चोरूनच आत शिरावं लागे. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस आडवा होईल एवढीच फरशी. तिथे साफसफाई करणाऱ्या फुलाबाईंनी गादी आणून टाकली, उशी ठेवली, वर चादर नीट घातली. "लेकरू हाय का? मंग खालीच झोपवा, पलंगावरून पडतंय," म्हणाल्या आणि गेल्या.

मी कडी लावली. आता उभं राहायला जागाच उरली नव्हती. गादीवर पाय द्यायला मी तयार नव्हते आणि तोही नव्हता. आम्ही दोघं पलंगावर पाय वर घेऊन समोरासमोर बसलो, गुडघ्याला गुडघा लागेल असे. इथे उठून मोटर चालू करायला जाता येणार नव्हतं. त्याला जायचंच असतं तर त्या गादीवरून जावं लागलं असतं.

"तुम्ही आईंना हो म्हणालात का?" मी विचारलं.

"रविवारी म्हणालो."

मला न विचारता. "माझ्या पोरीचं नाव तुम्ही देऊन टाकलं? झबलं द्यावं तसं? आणि परत यायचीच होती तर माझ्याकडे का नाही आली? पूजाच्या पोटी का? माझं काय चुकलं होतं?"

हे शेवटचं मी कुणापुढे कधी बोलले नव्हते. बोलले आणि मला हुंदका आवरेना. तिथे कुणी अवदसा म्हणणारं नव्हतं. मी पोटभर रडले. योगेशने माझे दोन्ही पाय धरून ठेवले होते.

मग तो बोलायला लागला. खाली गादीकडे बघत.

"घरात तिला कुणी हाक मारत नाय, उज्वला. चौदा महिने झाले. मी शेडमधून यायचो तेव्हा आई हाक मारायची, तू मारायची, 'हर्षाली, पप्पांना पाणी दे.' आता दारात चपला काढताना मी थांबतो. अजूनबी थांबतो. मला वाटलं, त्या बाळाचं नाव ठेवलं तर हाक तरी ऐकू येईल. दुसरं काय नाय."

माझा राग कुठे गेला ते कळलं नाही. चौदा महिने मी या माणसाला दगड समजत होते.

"आणि हाक ऐकून दुसरीच पोर धावत आली म्हणजे?" मी हळूच विचारलं. "ती बिचारी हसत येईल. पाणी घेऊन येईल. तेव्हा तुम्ही तिच्या तोंडाकडे कसं बघाल? मी कशी बघू?"

मान वर करून त्याने हाक मारली, घरात रोज मारायचो तशी, मोठ्याने. "हर्षाली!"

एवढीशी खोली, आवाज भिंतींना लागून तिथेच राहिला. बाहेर जिन्यात फुलाबाईंचा झाडू थांबला. आम्ही दोघंही वाट बघत होतो, हे खोटं का सांगू? कुणी ओ दिली नाही.

तेव्हा योगेश रडला. अग्नी देतानाही रडला नव्हता तो. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि आम्ही तिच्याबद्दल बोलत राहिलो. भेंडी खायची नाही, गुलाबाच्या पाकळ्या मात्र चावून खायची. पाचाचा पाढा नेहमी पंचेचाळीसला अडायचा. दवाखान्यात शेवटच्या दिवशी तिने मला विचारलं होतं, "पप्पा आले का?" आणि तो तेव्हा औषधं आणायला गेला होता. हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं, तिथे सांगितलं.

दोन वाजले होते. "नको," तो म्हणाला. "ते नाव नको द्यायला."

"मग आईंना कोण सांगणार?"

"मी सांगतो."

तेवढ्यात माझ्या मनात एक गोष्ट आली आणि माझी मलाच लाज वाटली. सासूबाईंचं दुःख, त्याचं दुःख, माझं दुःख, सगळं झालं. पण ज्या बाईने ते बाळ नऊ महिने पोटात वाढवलं तिला कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी पूजाला फोन लावला. "पूजा, बाळाचं नाव काय ठेवायचं गं? तुला काय वाटतं?"

ती बारीक आवाजात म्हणाली, "ताई, तुम्ही रागावणार नाय ना?"

"नाही गं."

"मी ईश्वरी ठरवलं होतं. पाचव्या महिन्यातच. पण तुमच्यापुढं कसं बोलायचं?" आणि तीही रडायला लागली, बाळंतिणीच्या खोलीत बसून.

मग योगेशने आईला फोन केला. पलीकडून सासूबाई जोरजोरात बोलत होत्या, मला सगळं ऐकू येत होतं. ती आपल्या दारात आली आणि तुम्ही तिला माघारी लावता का, असं त्या विचारत होत्या. योगेशने त्यांना पूर्ण बोलू दिलं. शेवटी एवढंच म्हणाला, "आई, ते नाव दिलेलं हाय. एकदा दिलं ते दिलं. आता पूजाची पोर तिच्या नावानं वाढू दे." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

निघताना मी पलंगावरची चादर नीट केली. गादीची घडी घालावीशी वाटली, पण हात लावला नाही. दोघंही पलंगाच्या कडेवरून सरकत, भिंतीला धरून दारापर्यंत गेलो.

सजावटवाल्याकडे जायचं म्हणून साडेतीन वाजता आम्ही खाली आलो. पुंजारामांनी किल्ली घेतली आणि वही उघडली. "तिसरं माणूस आलंच नाय ना? शंभर घ्या परत." त्यांनी पेनाचं टोक त्या रकान्यावर टेकवलं. "तिनाचे दोन करतो."

"खोडू नका," योगेश म्हणाला.

पुंजारामांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझे डोळे सुजलेले होते. वही त्यांनी योगेशकडे फिरवली. "मग नाव लिहा. रकाना रिकामा चालत नाय."

योगेशने सावकाश लिहिलं. हर्षाली योगेश काकड. अक्षर शाळेच्या दाखल्यावर लिहावं तसं. पुढचा रकाना वयाचा होता. तिथे त्याचा हात थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. गेल्या श्रावणात तिला दहावं वर्ष संपलं असतं.

"नऊ लिहा," मी म्हटलं.