पलंगाखालचा पंप

मित्रांनो, क्षमा हा माझा स्वभाव आहे. डॉ. शशिधर देवरे यांना मी क्षमा केलेली नाही, ती गोष्ट वेगळी.

मी एक पाण्याचा पंप आहे. तुमच्या घरी गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवतो तो नव्हे, तो माझा फार मोठा भाऊ. मी जेमतेम तुमच्या डब्याएवढा. लीड्स शहरात डॉ. देवरे यांच्या दारात एक कॅम्परव्हॅन उभी असते. म्हणजे जिच्यात स्वयंपाकाचा ओटा, छोटं न्हाणीघर आणि पलंग असं सगळं कोंबून बसवलेलं असतं, अशी गाडी. तिच्या पलंगाखाली, अंधारात, मी राहतो. वर कुणी नळ उघडला की मी घुर्र करतो आणि टाकीतलं पाणी नळापर्यंत पोहोचवतो. इतकं साधं काम. ते मी कधी चुकवलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. जन्मल्याबरोबर मला टेबलावर ठेवून जोरात पाणी सोडलं, कुठे गळतोय का पाहिलं, आणि गळत नाही म्हणून पाठीवर शिक्का मारला. डॉक्टरांच्या परीक्षासुद्धा इतक्या सरळ नसतात म्हणे.

सुरुवातीचे दिवस चांगले होते. पहिल्यांदा आम्ही व्हिटबीच्या समुद्रावर गेलो. बाहेर आडवा पाऊस, आत अनुराधाबाईंनी आल्याचा चहा टाकलेला. अनुराधाबाई म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी. त्या भूलतज्ज्ञ आहेत. नळाखाली पातेलं धरून त्या म्हणाल्या, "किती गुणी आहे रे हा पंप." डॉक्टरही तेव्हा येईल त्या पाहुण्याला नळ उघडून दाखवायचे, जसं काही त्यांनीच मला नातवासारखं वाढवलं होतं. मी घुर्र करायचो. मला वाटायचं, आपण घरचे झालो.

मग पहिला हिवाळा आला.

मित्रांनो, थंड देशात गाडी हिवाळ्यासाठी ठेवून द्यायची असेल तर आधी तिच्यातलं पाणी काढून टाकावं लागतं. टाकीतलं, गीझरमधलं, नळ्यांमधलं आणि माझ्या पोटातलं. कारण पाणी गोठलं की फुगतं. हे तुम्हाला शाळेत शिकवलं आहे. डॉक्टरांनाही शिकवलं असणार. आणि डॉक्टर कसले, तर लघवीच्या विकारांचे. दिवसभर लोकांचं तुंबलेलं पाणी मोकळं करणं हाच त्यांचा व्यवसाय. पण माझ्या पोटातलं पाणी काढायची आठवण त्यांना झाली नाही. जानेवारीत एका पहाटे ते गोठलं आणि मी बाजूनं उभा चिरलो.

चिरल्याचंही मला दुःख नाही. वसंतात त्यांनी पलंगाखाली साचलेलं पाणी पाहिलं, गावाहून येताना बॅगेत आणलेली, सुतार भेगा बुजवायला वापरतात ती लांबी मळून माझ्या चिरेवर थापली, आणि महाराष्ट्र मंडळाच्या पाडव्याला आपल्या अंबरीश नावाच्या मित्राला श्रीखंड खाता खाता सांगितलं, "अरे, पंपच हलका निघाला."

अनुराधाबाईंनी हे गाडीत बसून हसत हसत पुन्हा सांगितलं म्हणून मला कळलं. हलका. मी. शिक्का असलेला.

त्या दिवशी मी ठरवलं. लांबीनं बुजवलेली चीर दुसऱ्यांदा गोठली तर टिकणार नाही, हे मला माहीत होतं. पुढच्या हिवाळ्यात पोटात पाणी राहू द्यायचं. फुटायचं. पण लगेच कळू द्यायचं नाही. वसंतात हे लोक सहलीला निघतील, डॉक्टर माझ्या डोक्यावरच्या गादीवर झोपतील, आणि कुणीतरी दात घासायला नळ उघडेल. मी मरेन, पण त्यांची गादी भिजवून मरेन. जमलं तर अंबरीशसमोर.

अडचण एकच होती, अनुराधाबाई. ऑक्टोबर संपता संपता त्यांनी डॉक्टरांना गाडीपाशी उभं केलं.

"शशी, पेशंटला नळी घालून विसरतोस का तू?"

"ते वेगळं असतं गं."

"काही वेगळं नसतं. आज सगळं पाणी काढायचं. खालच्या तोट्या मी उघडल्यात. आता आतले सगळे नळ उघड आणि उघडेच राहू देत, अगदी वसंतापर्यंत. नळ बंद असले की आत हवा जात नाही, पाणी अडकून बसतं. कळलं?"

"अनु, मी डॉक्टर आहे."

"म्हणूनच दोनदा सांगतेय. आणि यंदा पंप फुटला ना, तर गाडी विकायची. मी स्वतः जाहिरात टाकणार."

डॉक्टरांचा चेहरा पडल्याचं मला पलंगाखालून दिसलं नाही, पण आवाजावरून कळलं. त्या गाडीवर त्यांचा फार जीव. माझा सूड आता नुसत्या गादीवर थांबणार नव्हता, गाडीच जाणार होती. मला इतका आनंद झाला की नळ न उघडता घुर्र करावंसं वाटलं.

पण बाई ड्युटीवर गेल्या आणि डॉक्टरांनी खरोखरच एकेक नळ उघडला. ओट्याचा, बेसिनचा, शॉवरचा. गाडीखालून पाण्याची धार लागली. माझ्या पोटातली पातळी उतरू लागली. माझा सूड दारातल्या उतारावरून रस्त्याकडे वाहत चालला होता, आणि मला काही करता येत नव्हतं.

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला. अंबरीश. डॉक्टर पायरीवर बसून स्पीकरवर बोलू लागले.

"ईस्टरला तू ये रे. आपण स्कॉटलंडला जाऊ."

"तुझा पंप चालतो का पण?"

"हलका होता. मीच रिपेअर केला. आता बघ."

मित्रांनो, त्या क्षणी माझ्यात जे उरलं होतं ते पाणी नव्हतं, ते तेजाब होतं.

आणि मग पद्माकर आजोबा बाहेर आले.

पद्माकर म्हणजे डॉक्टरांचे वडील. रेल्वेतून निवृत्त, राहणार मनमाड, हिवाळाभर मुलाकडे. मनमाडला नळाला रोज पाणी येत नाही. आलं की घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवायचं आणि भांडी भरली की तोटी घट्ट पिळायची, या शिस्तीत त्यांचा जन्म गेला. माकडटोपी घालून ते दारात आले आणि त्यांनी पाहिलं की स्वच्छ, पिण्याचं पाणी रस्त्यावर चाललं आहे.

"शशी, नळ उघडे राहिलेत तुझे."

"हो हो बाबा, बघतो," डॉक्टर फोन न सोडता म्हणाले.

'बघतो' म्हणणारा मुलगा बघत नाही, हे त्यांना बरंच आधीपासून माहीत असावं. त्यांनी घरातून बादली आणली, धारेखाली धरली, ती भरली तशी नेऊन गुलाबाला घातली. दुसरी भरेपर्यंत त्यांना धीर निघेना. ते गाडीत चढले. ओट्याचा नळ बंद. बेसिनचा बंद. शॉवरची तोटी त्यांनी दोन्ही हातांनी पिळली.

"माणसाला पाण्याची किंमत नाही," ते स्वतःशीच म्हणाले.

मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. मला हात नाहीत.

नळ बंद झाले तशी आत हवा यायची थांबली. धार बारीक झाली, थेंब झाली, थांबली. टाकी रिकामी झाली होती, पण नळ्या आणि माझं पोट भरलेलं राहिलं. डॉक्टरांनी फोन खिशात टाकला, वाकून गाडीखाली पाहिलं आणि खालच्या तोट्या बंद केल्या.

संध्याकाळी बाई आल्या आणि बाहेर दारातच त्यांनी विचारलं, "काढलंस सगळं?"

"थेंब नाही शिल्लक."

"आणि नळ उघडे आहेत ना?"

"सगळे मीच उघडले," डॉक्टर म्हणाले. ते खोटं नव्हतं. आजोबा आत बातम्या बघत होते, त्यांचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मला वेदरबीच्या पलीकडे एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये सोडून आले. असे शेतकरी हिवाळ्यात गाड्या ठेवून घेतात. दार बंद झालं. मी पोट भरून, चीर ताणून, वाट बघत बसलो.

डिसेंबर गेला. जानेवारीत छपरावरून बर्फ घसरल्याचा आवाज आला. शेतकरी कुत्र्याला सांगत होता की रस्ते बंद आहेत. मी म्हटलं, आलं. फेब्रुवारीत वारा असा सुटला की शेडचे पत्रे किंचाळले. मी दात आवळले. पोटातलं पाणी तसंच होतं, पातळ, आज्ञाधारक. मला वाटलं, माझाच द्वेष कमी पडतोय. मी आणखी द्वेष केला. मी श्रीखंडाचा विचार केला.

काही झालं नाही.

ईस्टरला आम्ही स्कॉटलंडला गेलो. एका सरोवराच्या काठी अंबरीशनं नळ उघडला. मी सगळी ताकद लावून फुटायचा प्रयत्न केला. पाणी आलं.

"वा," अंबरीश म्हणाला, "काय प्रेशर आहे रे."

"हिवाळ्यात नीट ड्रेन करावं लागतं," डॉक्टर म्हणाले. "टेक्निक आहे त्याचं."

"खरंच शशी, या वेळी जमलं तुला," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात कौतुक होतं. लग्नात असेल तसं. आजोबांनी तोंड धुवून नळ घट्ट पिळला. रात्री डॉक्टर माझ्या डोक्यावर कोरड्या गादीवर घोरत पडले, आणि मी खाली जागा होतो.

मित्रांनो, पलंगाखाली, ओट्यामागे, माळ्यावर आमच्यासारखे पुष्कळ जण राहतात. आमची निगा राखा. आम्हाला हलकं म्हणू नका. आम्ही बोलत नाही, पण आम्ही ऐकतो, आणि आमच्यापैकी प्रत्येकाचा हिवाळा असा वाया जाईलच असं नाही.

त्या शेडच्या दुसऱ्या अर्ध्या भागात शेतकरी बियाण्याचे बटाटे ठेवतो. ते गोठून चालत नाहीत, म्हणून तिथे हिवाळाभर हीटर चालू असतो.