न विचारलेला प्रश्न

वॉरन टिल्मन गेला आठवडाभर गव्हर्नर प्रुएट झाला होता, आणि लाज वाटायची सोडून त्याला त्यात मजा येऊ लागली होती. पिट्सबर्गच्या हॉटेलात वादविवादाचं व्यासपीठ हुबेहूब उभं केलं होतं. समोर सिनेटर आयडा ब्रँट, राष्ट्राध्यक्षपदासाठी खऱ्या प्रुएटविरुद्ध उभी असलेली उमेदवार, वॉरनची कॉलेजपासूनची मैत्रीण. सरावाची रीत अशी, की खोट्या प्रतिस्पर्ध्याने जेवतानाही सोंग उतरवायचं नाही. सगळे त्याला ‘गव्हर्नरसाहेब’ म्हणत. आयडा तर त्याच्याकडे साधं मीठही मागत नसे.

पेनसिल्व्हेनियात काट्याची टक्कर होती. प्रचारप्रमुख डोरीनने वॉरनला बजावलं होतं, की दयामाया दाखवू नका, आज तुम्ही चावलात तर उद्या प्रुएटचे दात तिला लागणार नाहीत. वॉरनला चेवच चढला. शेवटच्या सरावात अमली पदार्थांचा विषय निघाला, तेव्हा प्रुएटसारखी हनुवटी पुढे काढून तो म्हणाला,

“देशातली पोरं वाचवायच्या गप्पा मारता, बाई. तुमचा मुलगा नोलन सुया टोचून घेत होता तेव्हा कुठे होतात? आयोवात सभा घेत होतात ना?”

डोरीनने चमकून आयडाकडे पाहिलं. ही गोष्ट तिथे फक्त त्या दोघांना ठाऊक होती. बेशुद्ध नोलनला इस्पितळात वॉरननेच नेलं होतं, आणि कुणाला कळू देणार नाही असं त्याला वचन दिलं होतं. नोलन आता बरा होऊन शाळेत शिकवत होता.

“हे प्रुएटला माहीत नाही,” आयडा म्हणाली.

“झालं माहीत, तर?”

“तर तूच सांगितलंस असं समजेन. हलकट आहेस तू, वॉरन.”

आठवड्यात पहिल्यांदाच तिने त्याला नावाने हाक मारली होती. डोरीनला त्याचं काय! तिने तिथल्या तिथे उत्तर लिहून काढलं आणि पाठ होईस्तोवर आयडाकडून घोकून घेतलं. दर वेळी वॉरन तोच प्रश्न विचारी, दर वेळी ती त्याच्याकडे खाऊ की गिळू अशी बघे.

दुसऱ्या दिवशी वादविवाद सुरू झाला. वॉरन पडद्यामागच्या टीव्हीसमोर बसला होता. अमली पदार्थांवर खरा प्रुएट म्हणाला, की घराघरांत आग लागली आहे आणि सिनेटरबाईंना त्याची झळही नाही. प्रत्येक सभेत तो हेच वाक्य टाकायचा. पण बोलताना त्याने हनुवटी पुढे काढली.

आयडाच्या डोळ्यांत तीच नजर आली. वॉरन ताडकन उठला, पण टीव्हीपुढे उठून काय होणार होतं.

“माझा मुलगा नोलन मरता मरता वाचला,” ती म्हणाली आणि पाठ केलेलं उत्तर शेवटपर्यंत बोलून गेली. प्रुएट बावचळला. त्याला यातलं काही माहीतच नव्हतं.

खोलीत टाळ्या पडल्या. डोरीनने वॉरनच्या खांद्यावर थाप मारली आणि आपण जिंकलो म्हणाली. वॉरनला तिचा मनापासून तिटकारा आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नोलन होता.

“काका, उद्या वर्गात कसा उभा राहू मी?”

वॉरन फोन घेऊन बाहेर बोळात आला.

“त्या माणसाने तर माझं नावही काढलं नव्हतं. मग आईला हे विचारलं कुणी?”

वॉरनने गळ्यातला टाय सैल केला.

“मी,” तो म्हणाला.