शिवणीतली माया

"मास्तर, माप देताना पोट आत घ्यायचं नसतं, हे तुम्हीच सांगता ना आम्हाला?"

दवाखान्यातली नर्स हसली, तसा मास्तरांनी रोखून धरलेला श्वास सोडला. तिचे कपडे तेच शिवायचे. पोट आत घेतल्यानं काट्यावरचं वजन कमी होत नाही, हे त्यांनाही कळत होतं. पण आशा वेडी असते.

"उतरलं की," नर्स म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढं उतरलं."

मास्तरांच्या धाकट्या बहिणीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. मास्तरांची जुळत होती. पण जन्मभर बसून शिवलेला माणूस, पोट मशीनला टेकायचं. आधी वजन उतरवा, मग ऑपरेशन, असं डॉक्टरांनी बजावलं आणि घरात कडधान्यांचं राज्य आलं. मूग, चवळी, राजमा, हरभरे. बायको आळीपाळीनं भिजत घालायची, उकडून वाडगाभर पुढे ठेवायची. पोट भरलेलं राहायचं, मग हात गोडाच्या डब्याकडे जायचा नाही. सुरुवातीला मात्र पोटातून असे आवाज यायचे, की बायको म्हणायची, "मशीन बंद केलंत ना?"

बहिणीला कडधान्यं वर्ज्य होती.

"तुझ्या वाटणीची मीच खातो," मास्तर तिला सांगायचे.

"लहानपणीही माझ्या वाटणीचं तूच खायचास."

मास्तर बारीक होत गेले, आणि तीही. तिचे ब्लाऊज मास्तर सारखे आत घेत होते, पण कात्री लावत नव्हते. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. अंग भरलं की शिवण उसवायची आणि माया सोडायची. ऑपरेशननंतर बहीण भरणारच होती. त्यामुळे दर खेपेला आतली माया वाढतच गेली.

वजन झाल्यावर डॉक्टरांनी मास्तरांना समोर बसवलं. "तुम्ही तुमचं काम केलंत," ते म्हणाले. "पण त्यांचं हृदय आता फार थकलंय. ऑपरेशन झेपायचं नाही."

"थोडं थांबून बघितलं तर?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. मास्तरांना स्वतःच्या अंगाचा संताप आला. उतरायचंच होतं, तर आधी का नाही उतरलं?

बहीण उशीला टेकून बसली होती. "नवरदेव दिसतोयस, दादा."

"पुढच्या महिन्यात परत तपासणार आहेत," मास्तर म्हणाले. त्यांना खोटं कधी नीट जमलं नव्हतं.

तिनं उशाखालचा निळा ब्लाऊज ओढून त्यांच्या हातात दिला. "कात्री आहे ना खिशात? यातली माया कापून टाक. कुशीवर वळलं की बरगड्यांना टोचते."

"राहू दे की. पुढे लागेल."

"दादा."

तिनं एवढंच म्हटलं. मास्तर खिडकीपाशी गेले. गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी त्यांनी कुणाची माया कधी कापली नव्हती. एकदा कापली की परत जोडता येत नाही. कात्री सरळ गेली. आतल्या कापडाला कधी ऊन लागलं नव्हतं. ते अजून नव्यासारखं गर्द निळं होतं. पट्ट्या त्यांनी घडी करून खिशात ठेवल्या.

नर्सनं तिला ब्लाऊज घालून दिला. ती कुशीवर वळली.

"आता बरं वाटतंय," ती म्हणाली.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती बराच वेळ डोळ्यांना पदर लावून बसली होती. मग सवयीनं उठली, कडधान्यांच्या डब्यांपाशी गेली आणि तिथेच थबकली.

"आज काही भिजवू का नको?" तिनं हळूच विचारलं.

मास्तरांनी खिशातल्या पट्ट्या चाचपल्या.

"चवळी घाल," ते म्हणाले. "तिच्या वाटणीची मीच खातो."