कैलाशचं पान

सत्यभामाबाईने सकाळपासून भात तीनदा झाकला आणि तीनदा उघडून पाहिला. कढी उतू गेली, वडे एका बाजूने करपले. एकोडी गावात तिच्या हाताला नाव होतं, पण आज हात ठिकाणावर नव्हता. दर दोन मिनिटांनी ती दारात जाऊन रस्ता बघे आणि तोंडावर ऊन घेऊन परत येई.

वर्षभरात घरचं माणूस गेलं, की अक्षय तृतीयेला त्याच्या जागी कुणाला तरी पितर म्हणून जेवायला बसवायचं. गेलेला बिनलग्नाचा, तर बसणाराही बिनलग्नाचा हवा. तिचा कैलाश तेवीस वर्षांचा होता, सीमेवरच्या लढाईत गेला. त्याच्या जागी त्याचा दोस्त भुपेंद्रच बसणार, हे तिने ठरवून टाकलं होतं. दोघं पोरं फौजेत भरती व्हायला रोज पहाटे तलावाच्या पाळीवर पळायची. कैलाश लागला, भुपेंद्र छातीच्या मापात कमी पडला. आता मात्र ती समोरून आली, की हा पठ्ठ्या सायकल वळवून दुसऱ्या गल्लीत घुसायचा.

तिला जाळणारी गोष्ट एकच होती. शेवटच्या दिवशी कैलाशचा फोन आला तेव्हा म्हैस नुकतीच व्याली होती. मग काय, वगार कशी झाली, उभी कशी राहिली, सगळं पुराण तिने लावलं. शेवटी तो म्हणाला, जेवतो आता माय, आणि फोन ठेवला. तासाभरात तोफा सुरू झाल्या. पोरगा जेवून गेला की उपाशी? तिने फौजेच्या साहेबांना विचारलं, सरपंचाला विचारलं, नवऱ्याला, तेजरामला, तर रोज विचारलं. सगळे म्हणाले, जेवला असेल. चौकात कमान उभी राहिली, भाषणं झाली, शौर्य झालं, बलिदान झालं. त्या ‘असेल’चं कोणाला काही पडलं नव्हतं. तिचा घास मात्र रोज तिथेच अडकायचा.

बाराच्या सुमारास भुपेंद्र आला. पितराच्या पानाला नाही म्हणता येत नाही, म्हणून आला. तेजरामने त्याचे पाय धुतले, गंध लावलं, पाटावर बसवलं. पळसाच्या पत्रावळीवर भात, कढी, वडे, आंब्याचं रायतं. पोराने दोन घास कसेबसे गिळले आणि तिसरा हातातच धरून बसला. शेजारची जनाबाई दारातून सांगत होती, की जेवण झालं की पितराला पोट भरलं का विचारायचं, तो भरलं म्हणाला की मोकळा झाला.

तेवढा धीर सत्यभामाबाईला कुठला. ती भाताचं भांडं घेऊन त्याच्यासमोर बसली.

"कैलाश," ती म्हणाली, "त्या दिशी जेवला होता का रे तू?"

तेजराम म्हणाला, असं काही विचारू नये. तिने ऐकलं नाही. भुपेंद्रने हातातला घास पानावर ठेवला. कैलाशच्या शवपेटीसोबत आलेल्या जवानाने शाळेच्या मैदानात त्याला सगळं सांगितलं होतं, आणि ते त्याने आजवर पोटात ठेवलं होतं. तिने रस्त्यात गाठला असता, तर तोही ‘असेल’ म्हणून सुटला असता. पण पितराच्या पानावर बसून खोटं बोलायची त्याची छाती होईना.

"नाई जेवलो, माय," तो म्हणाला. "तुयासंगं बोलत होतो, तवर जेवनाचा लंगर बंद झाला."

तेजरामने तोंड भिंतीकडे फिरवलं. वगार उभी कशी राहिली, ते सत्यभामाबाईने कैलाशला फोनवर दोनदा सांगितलं होतं. मग तिने त्याच्या पानावर भात वाढला, त्यावर कढी घातली.

"मंग आता जेव," ती म्हणाली. "आज मी काई बोलत नाई."