ग्रहण केंद्र

टाळ्यांचा नुसता कडकडाट चालला होता. वस्तीतली यच्चयावत माणसं मैदानातल्या मांडवात दाटीवाटीनं बसली होती आणि समोर चौरंगावर नादबाबा डोळे मिटून डुलत होते. त्यांच्यापुढे एक जुना ट्रान्झिस्टर. बाबांनी काठी उचलली, ओढ्यापलीकडच्या अँटेनांवर रोखली, आणि इतका वेळ हलकेच सूं सूं करणारा ट्रान्झिस्टर एकदम कर्कश खरखरायला लागला.

"ऐका, कसा ओरडतोय तिकडचा दोष," बाबा म्हणाले. "टाळ्या थांबवू नका. टाळीचा धाक असतो त्याला."

टाळ्या वाढल्या. बाबांनी ट्रान्झिस्टरवर तळहात धरला, ओठ पुटपुटले, खरखर थांबली. बायकांनी हात जोडले, पुरुषांनी सुस्कारे सोडले. शेवटच्या रांगेत उभ्या असलेल्या तारवालीच्या मात्र डोक्यात तिडीक गेली.

तारवाली हे तिला वस्तीनं ठेवलेलं नाव. वस्तीबाहेर रेडिओ दुर्बिणीचं केंद्र होतं, तिथं ती अभियंता होती. दुर्बीण म्हटल्यावर लोक भिंगाची नळी शोधायचे. इथं होत्या छत्रीच्या काड्या जमिनीत रोवाव्यात तशा शेकडो अँटेना आणि त्यांच्या पोटातून निघून मातीखाली गेलेल्या तारा. आकाशातून येणाऱ्या अगदी क्षीण रेडिओलहरी त्या पकडायच्या, बस्स. बाहेर काहीच सोडायच्या नाहीत. "हे कान आहेत, तोंड नाही," असं सांगून सांगून तिचंच तोंड दुखलं होतं. आता ओढ्यापलीकडे तशाच अँटेनांचं दुसरं शेत उभं राहत होतं, आणि त्यानंच सगळं रामायण घडवलं.

म्हणजे खरं तर घडवलं एका शब्दानं. केंद्राचे साहेब शुद्ध मराठीचे भोक्ते. त्यांनी नव्या फाटकावर हौसेनं पाटी लावली : 'रेडिओ ग्रहण केंद्र – विस्तार'. साहेबांच्या लेखी ग्रहण म्हणजे लहरी घेणं. वस्तीच्या लेखी ग्रहण म्हणजे ग्रहण. त्यात पुढे विस्तार. लोकांचं धाबं दणाणलं, आणि आठवडा उलटायच्या आत नादबाबा येऊन टेकले. अशा माणसांना भीतीचा वास लांबून येतो. "सूर्याचं ग्रहण सुटतं," बाबांनी सांगितलं, "हे त्या सळ्या उपटल्याशिवाय सुटायचं नाही. तोवर पोटुशी बाईनं उजेडात यायचं नाही." वस्ती बाबांच्या नादी लागली ती लागलीच.

तारवालीच्या वहिनीला सातवा महिना होता. दादानं तिच्या खोलीच्या खिडक्या बंद केल्या, वरून घोंगडी टांगली. दवाखान्याच्या खेपा चुकल्या.

"दादा, तिचे पाय बघितलेस का? भाकरीसारखे सुजलेत," तारवाली त्याला म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, रक्तदाब वाढला तर दोघांच्या जिवावर बेतेल."

"तू तुझ्या सळ्या काढ. मी लगेच नेतो."

"सळ्यांचा आणि तिच्या पायांचा काय संबंध?"

"तू नोकरीचीच बाजू घेणार. रेडिओ काय मी ओरडायला लावतो?"

आतल्या काळोखातून वहिनीचा आवाज आला, "वन्सं, भांडू नका. मला दोन्हीकडची भीती वाटते." भाऊ दुष्ट असता तर सोपं होतं. तो बायकोवर जीव टाकत होता आणि त्याच मायेनं तिला मारायला निघाला होता.

केंद्रात नव्या शेताची चाचणी सुरू होती. पडद्यावर आकाशाचा मंद आलेख हवा, तर तिथं रोज संध्याकाळी भगभगीत पट्टे उमटत होते. मध्येच थांबायचे, पुन्हा सुरू व्हायचे. "तुझ्या नव्या जोडण्यांत दोष असेल," साहेब म्हणाले. तारवालीनं जोडण्या तपासल्या, सगळ्या ठणठणीत. मग तिला वेळ खटकली. पट्टे बरोबर बाबांच्या सभेच्या वेळी येत होते.

जुन्या शेतावरून फक्त एवढं कळत होतं की गोंगाट वस्तीच्या दिशेनं येतोय. पण आता दुसरं शेत होतं. त्यानं ओढ्यापलीकडून आपली दिशा दाखवली. दोन्ही दिशांच्या रेषा तिनं नकाशावर ओढल्या, आणि त्या एकमेकींना जिथं छेदल्या तिथं बाबांचा मांडव होता. ज्या अँटेना उपटायला बाबा निघाले होते त्यांनीच बाबांचा कान धरला होता.

"आपण मूग गिळून बसावं हे बरं," साहेब म्हणाले. "लोक बिथरलेत."

"तुम्ही मूग गिळा, साहेब. माझ्या वहिनीला गोळ्या गिळायच्या आहेत. मला आज दोन्ही शेतांची वीज बंद हवी, आणि ती तुम्ही स्वतः बंद करायची."

साहेब उठले आणि वीज बंद करायला निघाले.

संध्याकाळी बाबा रंगात होते. आज सगळ्यांनी जाऊन सळ्या उपटायच्या असा हुकूम सुटला होता. काठी उठली, ट्रान्झिस्टर खरखरला, टाळ्या पडल्या. तारवाली सरळ पुढं येऊन चौरंगासमोर उभी राहिली.

"दुपारपासून केंद्र बंद आहे," ती म्हणाली. "दोन्ही शेतं. साहेब इथंच आहेत, त्यांना विचारा. मग हा ओरडतोय कशावर?"

टाळ्या विरळ झाल्या. बाबा मुरलेले होते. "दोष मातीत उतरलाय, पोरी. तुझी वीज गेली, त्याची कशी जाईल?"

"मग रेडिओ तिकडे नेऊन ऐकू या."

"न्या की. तिथं तर कान फाटतील."

"दादा, तूच ने."

दादा ट्रान्झिस्टर छातीशी धरून निघाला. निम्मी वस्ती मागे; उरलेल्यांना बाबांनी टाळ्या वाजवायला लावल्या. मांडवात खरखर दणदणीत होती, मैदानाच्या कडेला ती बसकी झाली, ओढ्यापाशी पार विरली. अँटेनांच्या मधोमध दादा उभा राहिला तेव्हा नुसती बारीक सूं सूं ऐकू येत होती. त्यानं रेडिओ कानाला लावून पाहिला. मग वळला आणि झपाझप परत आला. पावलागणिक खरखर वाढत गेली. त्यानं रेडिओ चौरंगाभोवती फिरवला. बाबांच्या उजव्या पायाशी तो सगळ्यात जास्त किंचाळला आणि दुसऱ्याच क्षणी गप्प झाला.

"बाबा, पाय उचला," दादा म्हणाला.

"समाधीत पाय उचलत नाहीत."

दादानं चौरंगावरचं कापड ओढलं. बाबांच्या अंगठ्याखाली एक बटण होतं. खाली बॅटरी, आणि दारावर बसवतात तसली जुनी विजेची घंटी, वाटी काढून टाकलेली. तारवालीनं बटण दाबलं. छोटा हातोडा थरथरला, त्याच्यामागे बारीक ठिणग्या उडाल्या, रेडिओ ओरडला. तिनं बोट काढलं, रेडिओ थांबला.

"प्रत्येक ठिणगीतून रेडिओलहरी निघतात," ती म्हणाली. "ट्रान्झिस्टर जवळ असला की त्या खरखर होऊन ऐकू येतात, लांब गेला की नाही. घंटीची घरघर तुम्हाला ऐकू येऊ नये म्हणून टाळ्या. दाबा कुणीही, तुमच्यातही शक्ती आहे."

बाबा चौरंगावरून उतरून मागं सरकले. लोक एकेक करून पुढं आले आणि बटण दाबून बघू लागले. दादा मात्र घराकडं पळत सुटला होता.

त्यानं वहिनीला दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला तिथंच ठेवून घेतलं. रक्तदाब फार चढला होता. आणखी उशीर झाला असता तर काय झालं असतं, हे त्यांनी दादाला बाजूला घेऊन स्वच्छ शब्दांत सांगितलं. तो भिंतीला टेकून रडला. पण वेळेत उपचार झाले, वहिनी सावरली, पोटातलं बाळ सुखरूप राहिलं.

शेजारणी भेटायला आल्या. "सुटलीस बाई, कृपा झाली," एक म्हणाली.

"कृपा नाही, तपासणी झाली," वहिनी उशीला टेकत म्हणाली. "मला काळोखात कोंडताना तुमच्यापैकी कुणी पुरावा मागितला नाही. बाहेर काढायला मात्र माझ्या नणंदेला अख्ख्या वस्तीपुढं पुरावा द्यावा लागला. यापुढं उलटं करा. खिडकी बंद करा असं जो सांगेल, पुरावा त्याच्याकडं मागा."