नन्नासाहेबांचा पूल

त्या दिवशी बाबांनी सकाळी खडखडणाऱ्या पंख्याला गप्प केलं, चहाच्या गाळण्याला नवी तार बांधली आणि शेजारच्या वकिलांना त्यांची नवी गॅलरी कधी ना कधी खाली कशी येईल, ते फाटकातूनच समजावून सांगितलं. वकील हसले, पण बेतानं. बाबा कर्नल म्हणून निवृत्त झालेले. सैन्यात असताना त्यांनी पूल बांधले होते, वेळ आली तेव्हा उडवलेही होते, त्यामुळे तोंडावर कुणी काही बोलत नसे. पाठीमागे मात्र सगळी वसाहत त्यांना नन्नासाहेब म्हणायची. काहीही विचारा, नन्नाचा पाढा ठरलेला. गच्चीवर पाण्याची टाकी? नको. त्या बसमधून शाळेची सहल? नको. हे नाव मुलीच्या कानावर पहिल्यांदा आलं ते किराणावाल्याची जीभ घसरली तेव्हा. किराणावाला चपापला, आणि तिला हसू आलं होतं.

संध्याकाळी ती ग्रंथालयातलं काम संपवून आली आणि कपडे न बदलता त्यांच्याबरोबर फिरायला निघाली. कालव्यावर नवा लोखंडी पादचारी पूल उभा राहत होता. पलीकडे शाळा होती. आतापर्यंत मुलांना मोठ्या रस्त्यानं वळसा घालावा लागे. पुलाचं काम संपत आलं होतं, रंग तेवढा बाकी होता. काठी टेकत, गुडघ्यांना शिव्या देत बाबा उतारावरून पुलाखाली गेले. ती वर फोन बघत उभी राहिली. बऱ्याच वेळानं ते वर आले आणि त्यांनी तर्जनी तिच्यासमोर धरली. बोटावर तांबूस ओघळ होता.

"गंज आहे, बाबा. लोखंड म्हटलं की गंज आलाच."

"वरून येतो तो गंज वेगळा. हा आतून गळतोय. सांध्याला चीर आहे, पाणी आत जातंय. आता रंग मारतील, मग कुणाच्या बापाला दिसणार नाही. एकेकटी माणसं चालतील तोवर पूल निमूट सोसेल. शाळा सुटली की पोरं एकदम पळतात."

"त्यांचे इंजिनीअर आहेत ना, ते बघतील."

बाबांनी बोट रुमालाला पुसलं. परत येताना त्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्याची विचारपूस केली, घरी आल्यावर बातम्या ऐकल्या आणि दूध पिऊन झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघताना ते बुटाची नाडी बांधायला वाकले आणि वर आलेच नाहीत.

माणसं येऊ लागली. खुर्च्या कमी पडल्या, मग चहाचे कपही. सैन्यातले जुने सहकारी आले आणि ताठ बसून रडले. वसाहतीचे अध्यक्ष आले तेव्हा त्यांचे डोळे खरोखरच ओले होते. महिन्याभरापूर्वी बाबांनी या पुलाच्या कामाची तक्रार वसाहतीच्या सभेत मांडली, तेव्हा सर्वात मोठ्यानं तेच हसले होते. ती सभा मुलीला चांगली आठवत होती. सगळे हसून झाल्यावर बाबांनी खोलीभर नजर फिरवून शांतपणे विचारलं होतं, मी उगाच बोलतोय असं कुणाला वाटतं का? नजर फिरत फिरत तिच्यापर्यंत आली, तेव्हा ती पर्सची चेन लावण्यात गुंतली होती. चेन बिघडलेली नव्हती.

पंधरवड्यानं अध्यक्ष पुन्हा आले, ठराव घेऊनच. पुलाला कर्नलसाहेबांचं नाव द्यायचं. संगमरवरी पाटी, हुद्द्यासकट. म्हणाले, रागानं का होईना, पण त्या पुलाकडे साहेबांनी जेवढं लक्ष दिलं तेवढं आम्हीसुद्धा दिलं नाही. आईनं पदर डोळ्याला लावला आणि मान डोलावली. मुलीनं ठराव पुन्हा वाचला. ज्या पुलावर बाबांनी पाय ठेवला नसता, त्याच पुलावर त्यांचं नाव.

तिनं दादाला फोन केला. तो परदेशातून अंत्यविधीला येऊन परतही गेला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि तो हसला. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता, थकवा होता. "अगं, जन्मभर नाही नाही म्हणून गेले. आता तरी त्यांच्या नावावर एक 'हो' लागू दे की." मग आवाज उतरवून म्हणाला की आईला जरा बरं वाटतंय, तिच्या हातातलं ते काढून घेऊ नकोस.

मग ती पालिकेत गेली. इंजिनीअर तरुण होता, सभ्य होता, त्यानं उठून खुर्ची दिली. पुलावर वाळूच्या गोण्या रचून चाचणी घेतली होती आणि पूल तसूभरही हलला नव्हता. गोण्या पळत नाहीत, ती म्हणाली. तो हसून म्हणाला, "मॅडम, अगदी कर्नलसाहेबांसारखं बोललात." तिचे कान तापले. येताना ती कालव्यावरून आली आणि बाबा उतरले होते तिथून पुलाखाली उतरली. सगळीकडे निळा रंग चकाकत होता. बाबांनी बोट लावलेला सांधा कोणता, ते तिला ओळखता येईना. वर उभी राहून फोन बघणाऱ्या माणसाला ते कसं कळणार?

आणि खोल आत दुसरंच काहीतरी ठसठसत होतं. त्याबद्दल घरात कधी कुणी बोललं नव्हतं. ती शाळेत असताना बाबांचा एक तात्पुरता पूल कोसळला होता. एक जवान बुडाला. चौकशी झाली, वरून आलेला लोखंडी दोर सदोष निघाला आणि बाबा निर्दोष ठरले. तेवढंच तिच्या कानावर आलं होतं. निर्दोष या शब्दावर तिचा तेव्हाही विश्वास बसला नव्हता. अविश्वास दाखवायची हिंमतही झाली नव्हती. ती बापाशी नीट वागली, औषधं वेळेवर दिली, वाढदिवस विसरली नाही. फक्त त्यांच्या शब्दावर पूर्ण भार टाकायचं तिनं कायम टाळलं. बापलेकीत भांडण कधी झालं नाही. भांडायला जेवढं जवळ यावं लागतं तेवढी ती कधी आलीच नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी आई भाजी निवडत होती. मुलीनं समोर बसून विचारलं, बाबांच्या त्या कोसळलेल्या पुलाचं नक्की काय झालं होतं?

आई निवडतच राहिली. मग खाली बघून सांगू लागली. दुसऱ्या दिवशी मोठे पाहुणे पाहणीला यायचे होते. त्यांच्या वरच्या साहेबांनी विचारलं, पूल तयार? हे म्हणाले, दोर नवा आहे, एक दिवस ताणून बघायला हवा. साहेब म्हणाले, मला हो की नाही ते सांग. आणि हे हो म्हणाले. दोर खराब होता हे खरंच होतं, चौकशीत खोटं काही नव्हतं.

"चौकशीतून सुटले गं ते. घरात नाही सुटले. मला म्हणाले, नकाराला कारण लागत नाही, होकाराला लागतं, आणि माझ्याकडे नव्हतं. त्यानंतर त्यांच्या तोंडून मी धड 'हो' ऐकलं नाही. तुझ्या लग्नाचं जमत होतं, तेव्हासुद्धा."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कुठं विचारलंस? तू तर त्यांना पाहुण्यांसारखी वागवायचीस."

मुलगी उठून खिडकीशी गेली. तिचा इतक्या वर्षांचा संशय खरा निघाला होता, आणि हातात आल्यावर तो तिला वाटला होता तसा नव्हताच. खोटा होकार काय किमतीला पडतो हे ज्यानं भोगलं होतं, तोच माणूस गंजाचं बोट समोर धरून उभा होता, आणि ती म्हणाली होती, ते बघतील. तिनं आईला एवढंच विचारलं की पाटी लागली नाही तर चालेल का. आईनं निवडलेल्या भाजीत उगाच हात फिरवला. म्हणाली, नाव राहावं असं मला वाटतं. पण नावाखाली उद्या काही झालं, तर हे मला वरूनही झोपू द्यायचे नाहीत.

सकाळी कालव्यावर खुर्च्या मांडल्या होत्या, लाउडस्पीकर खरखरत होता. पाटीवर पडदा, रेलिंगला फुगे. पलीकडच्या काठावर शाळेतली मुलं रांगेत उभी होती. फीत कापली की त्यांनी टाळ्या वाजवत एकदम धावत अलीकडे यायचं, असं शिक्षकांनी बसवलं होतं. पुढची मुलं आताच एका पायावरून दुसऱ्यावर होत होती. इंजिनीअर इस्त्रीच्या शर्टात उभा होता. अध्यक्षांनी बाबांबद्दल दोन गमती सांगितल्या, लोक प्रेमानं हसले, आणि मग त्यांनी कात्री तिच्या हाती दिली आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. पहिल्या रांगेत आई मांडीवर हात ठेवून बसली होती. ती मुलीकडे बघत नव्हती, मुलांकडे बघत होती.

तिच्याजवळ पुरावा नव्हता. आकडा नव्हता, सांधा ठाऊक नव्हता. कदाचित पूल शंभर वर्षं टिकेल आणि लोक म्हणतील, बापावर गेलीय. तिनं कात्री टेबलावर ठेवली आणि माइक जवळ ओढला. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा स्थिर निघाला.

"माझ्या बाबांनी या पुलाला नाही म्हटलं होतं. तुम्ही हसलात, आणि मी गप्प बसले. मला पुलातलं काही कळत नाही. बाबा एकदा चुकले होते, तेही मला कालच नीट कळलं." लाउडस्पीकर खरखरत राहिला. "त्यांच्यासमोर मी हे कधी म्हटलं नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर म्हणते. माझा त्यांच्या शब्दावर विश्वास आहे. पाटी लावू नका." ती पलीकडच्या काठावरच्या शिक्षकांकडे वळली. "आणि सर, तुम्ही आधी मुलांना मागे घ्या."