बावन्नावा भाग

“आंटी, कोणाले सोडायले आल्या का? पालकांची बसायची सोय तिकडं हाय, पोर्चमध्ये.”

दाराशी टेबल मांडून बसलेल्या मुलीने चंदेरी गणवेश घातला होता. चंद्रकलाने पर्समधून मोबाइल काढला, लेकीने पुण्याहून पाठवलेलं तिकीट उघडलं आणि तिच्यापुढे धरलं.

“सोडायले नाही. मीच आली.”

मुलीने तिकीट पाहिलं, मग चंद्रकलाची सुती साडी पाहिली, आणि जीभ चावून हसली. “सॉरी हं आंटी. मी रितिका. काही लागलं तर मले आवाज द्या.” तिने चंद्रकलाच्या मनगटाला निळी पट्टी बांधली.

नागपूरच्या त्या सभागृहात ‘ध्रुवयान’च्या चाहत्यांचं संमेलन होतं. बत्तीस वर्षांपूर्वी टीव्हीवर रविवारी सकाळी लागणारी अंतराळातली मालिका. त्यात कप्तान ईरावती नावाची बाई यान चालवायची, ग्रहांवर अडकलेल्या माणसांना सोडवून आणायची. उमरेडच्या कोष्टीपुऱ्यात चंद्रकलाच्या घरी तेव्हा माग होता, टीव्ही नव्हता. आठवडाभर मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी ती पोरगी रविवारी नऊच्या ठोक्याला शेजारच्या घराच्या उंबऱ्यावर जाऊन बसायची. एक्कावन्न भाग तिने तसे पाहिले. बावन्नावा, शेवटचा, राहिला. तो आज इथे दाखवणार होते.

घरी तिने इतवारीत जाते म्हणून सांगितलं होतं. भाचीच्या लग्नाची भांडी पाहायला. पन्नाशीची बाई, एसटीत बावीस वर्षं कंडक्टर, आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी नवऱ्याला थाप मारून टीव्ही पाहायला आलेली. तिचं तिलाच कसंसं होत होतं.

शेवटचा भाग बारा वाजता होता. बाराचे दोन झाले. प्रमुख पाहुणे यायचे होते, मग पाहुणे आले तर प्रोजेक्टर रुसला. पोरं पुठ्ठ्याच्या यानासमोर फोटो काढत होती. चंद्रकलाला खुर्चीवर बसवेना. उभं राहून दिवस काढायची सवय. बसलं की पायांना मुंग्या यायच्या. ती भिंतीच्या कडेने फेऱ्या मारत राहिली. दर थोड्या वेळाने घड्याळ पाहत होती. संध्याकाळी सहाला कुसुमताई येणार होत्या, नवऱ्याची थोरली बहीण. त्यांच्या आधी घरी पोहोचायचं तर साडेतीनची गाडी सोडून चालणार नव्हतं.

मंचावर पुष्कर नावाचा चाळिशीचा गृहस्थ माइक घेऊन प्रश्न विचारत होता. त्याच्याच वडिलांनी त्या काळी व्हिडिओ टेपवर भाग उतरवून ठेवले होते.

“चौकी अकरावर किती माणसं अडकली होती?”

कोणी तीस म्हणालं, कोणी शंभर.

“चव्वेचाळीस,” भिंतीजवळून चंद्रकला म्हणाली. “आन् एक बाळ. पन्नासाव्या भागात झालं ते.”

सगळ्या माना वळल्या. पुष्करने हातातला कागद पाहिला. “बरोबर! काकू, बाळाचं तर माझ्याकडेही लिहिलेलं नाही.” मग त्याने आणखी चार प्रश्न विचारले. चारही तिला आले. रितिकाने शिट्टी मारली. पुष्कर खाली उतरून तिच्यापाशी आला. “मग शेवट काकूंनाच विचारू या. बावन्नाव्या भागात काय होतं?”

“तो नाही पाहिला मी.”

“एवढे पाहिले आणि शेवटचा राहिला?”

“त्या दिवशी मले पाहायले पाव्हणे आले होते.”

लोक हसले. तीही हसली. पण मान खाली घालताना तिला ती सकाळ दिसली. पाटावर बसलेली ती, समोर कुसुमताई. चालून दाखव, सुईत दोरा ओवून दाखव. भिंतीपलीकडे टीव्ही चालू होता. बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. कप्तान ईरावती काहीतरी म्हणत होती आणि चंद्रकलाच्या हातातला दोरा सुईत जात नव्हता.

फोन वाजला. ती बाहेरच्या पोर्चमध्ये आली. नवऱ्याचा, चंपतरावांचा होता.

“कुठं हायेस वं? ताई लवकर आल्या. चहा ठेवला मी. तुले किती येळ?”

“येते... भांडी पाहून राहिली.”

तेवढ्यात आतून मालिकेचं सुरुवातीचं संगीत सुरू झालं. मोठ्या आवाजात.

“हे तर ते यानवालं हाय,” चंपतराव म्हणाले. “तू कुठं हायेस खरं सांग.”

तिने सांगितलं. एका दमात, लहान पोरीसारखं. मग डोळे मिटून बोलणी खायची वाट पाहत राहिली.

“एवढंच ना? अवं, तो शेवटचा भाग तर पाहिला होता मी. तुमच्याकडं यायच्या आंधी, तुमच्या गल्लीतच, मास्तरांच्या घरी चहा पेता पेता. कुसुमताई पुढं गेली, तिथून निरोपावर निरोप धाडून राहिली होती, तरी मी पुरा पाहूनच उठलो. त्याच्यात मंग ते बाई—”

“सांगू नका जी!” चंद्रकला ओरडली. पोर्चमधले पालक दचकले. तिने फोन बंद केला.

एकतीस वर्षं एका घरात. त्यांना शेवट माहीत होता, आणि हिला तो पाहिजे होता, आणि हा विषय कधी निघालाच नव्हता. साडेतीनची गाडी आता मिळणार नव्हती. ती आत जाऊन बसली.

चित्र मुंग्या आल्यासारखं दिसत होतं. मधेच साबणाच्या जाहिराती. यान पृथ्वीवर उतरलं, मंत्र्यांनी हार घातले. ईरावतीने कप्तानाची टोपी काढून मंत्र्यांच्या हातात दिली. पुढच्या दृश्यात ती लाल साडीत होती, कपाळाला मुंडावळ्या, शेजारी यानातला डॉक्टर. सनई वाजली.

“अरे, शादी हो गई!” मागून कोणीतरी ओरडलं. सभागृह हसून लोळलं.

चंद्रकला हसली नाही. नावं सरकत होती, ती वाचत राहिली. नावांनंतर अजून काही असेल असं तिला वाटत होतं. पण हवामानाच्या बातम्या लागल्या आणि टेप संपली.

पुष्करने माइक घेतला. “कोणाला काही बोलायचंय?”

ती उभी राहिली. माइक घेतला नाही. तिच्या आवाजाला कधी लागत नसे.

“त्या चव्वेचाळीस लोकांचं काय झालं?”

“कोणत्या काकू?”

“चौकी अकरावरच्या. घ्यायले येतो म्हणून सांगून आली होती ना ती? मागच्याच भागात. त्यांले आणलं कोणी?”

“मालिका अचानक बंद करावी लागली होती, काकू,” पुष्कर म्हणाला. “ लेखक विसरले असतील.”

“लेखक विसरन. ती कशी विसरली?” चंद्रकलाचा आवाज चढला. “लगन करू दे ना, कोण नाही म्हणते. मी नाही केलं का? पण मंत्र्याच्या हातात टोपी देताना एक शब्द तर बोलाव, का बाप्पा, तिकडं माणसं वाट पाहून राहिले, लेकरू हाय त्यांच्यात. यान दुसऱ्या कोणाच्या हातात द्या आन् घेऊन या. एक शब्द नाही बोलली.”

मागच्या रांगेतल्या एका पोराला हसू आलं आणि ते अर्ध्यावर राहिलं. पुष्करने माइक खाली केला होता.

“मी हा भाग शंभरदा पाहिलाय,” तो म्हणाला. “माझ्या कधी लक्षात आलं नाही.”

तिला आणखी काही बोलायचं नव्हतं. तिने पर्स उचलली. दारात रितिकाने तिचा हात धरला, “आंटी, अजून डान्स हाय, केक हाय.” पण चंद्रकलाला तिथे एक क्षणही थांबवेना. स्टँडवर मिळेल त्या उमरेड गाडीत ती चढली. ओळखीच्या कंडक्टरने जागा करून दिली, तरी अर्धी वाट ती दारापाशी उभीच होती.

घरी पोहोचली तेव्हा दिवे लागले होते. कुसुमताई खाटेवर पाय सोडून बसल्या होत्या. “काय आणलं वं इतवारीतून?”

“मी इतवारीले गेलीच नाही, ताई. सिनेमासारखं एक होतं, ते पाहायले गेली होती.”

कुसुमताईंनी भावाकडे पाहिलं. चंपतराव स्वयंपाकघराच्या दारात, हातात पळी. त्यांनी भात केला होता, वरण केलं होतं, पोळ्या मात्र शेजारून आणल्या असाव्यात. तिघांची ताटं मांडली.

“मंग?” चंपतराव म्हणाले.

“तुम्ही सांगा. तुम्हाले काय वाटलं होतं तवा, तो शेवट पाहून?”

“मले?” त्यांनी वरणात भात कालवला. “मले वाटलं, चांगली चालती नोकरी सोडून काहून आली हे बाई. मास्तरांकडून उठलो तवा तेच डोक्यात होतं. मंग तुमच्या घरी आलो.”

चंद्रकलाचा हात थांबला. लेक धनश्री शाळेत जायला लागली त्या वर्षी एसटीत बाया भरणार आहेत म्हणून फॉर्म आणला होता तो चंपतरावांनीच. कुसुमताई चार महिने बोलत नव्हत्या भावाशी. त्यांनी तो का आणला, हे चंद्रकलाने कधी विचारलं नव्हतं. त्यांनीही सांगितलं नव्हतं.

“कोण बाई?” कुसुमताईंनी विचारलं. “कोणती नोकरी सोडली?”

चंपतरावांनी तुपाची वाटी चंद्रकलाकडे सरकवली. तिने ती घेतली, आधी त्यांच्या भातावर तूप सोडलं, मग आपल्या.

“कोणी नाही, ताई,” ती म्हणाली. “तुम्ही जेवा.”